जे धुतले जात नाही

डायलिसिसनंतरचा रिपोर्ट हातात आला की घरातले कुणीतरी तो आधी उजेडात धरून वाचते. युरिया आधी १३०, नंतर ३८. क्रिएटिनिन निम्म्याहून खाली आलेले, पोटॅशियम जागेवर. रिपोर्ट चांगला आहे. पण ज्याचा रिपोर्ट आहे तो माणूस घरी ताटावरून दोन घास खाऊन उठतो. रात्री पाठ खाजवत बसतो. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने वेळेवर घेऊनही त्याचे हिमोग्लोबिन आठच्या वर सरकत नाही. अल्ब्युमिन सहा महिन्यांपूर्वी ३.८ होते, आता ३.१ आहे. मनगटावरचे घड्याळ सैल होत चाललेले असते. मग मुलगी विचारते, "रक्त साफ झालंय ना डॉक्टर, मग बाबांना बरं का वाटत नाही?"

डायलिसिसच्या प्रत्येक युनिटमध्ये हा प्रश्न कुणी ना कुणी विचारत असते, आणि "वयच झालंय" किंवा "पथ्य नीट पाळा" यापलीकडे त्याला सहसा उत्तर मिळत नाही. खरे उत्तर आहे, पण ते लांबलचक आहे. तेवढ्यासाठीच हे पुस्तक लिहिले. मूत्रपिंडे बंद पडल्यावर रक्तात साठणारी विषद्रव्ये आणि त्यांच्या सोबतीने शरीरात कायम धुमसणारा दाह हा त्याचा विषय. यंत्र जे सहज काढून टाकते आणि आपण जे सहज मोजतो, तेवढ्यावर रुग्णाचे बरेवाईट ठरत नाही, हे माझे म्हणणे आहे. पुढची सगळी प्रकरणे याच म्हणण्याचा विस्तार आहेत.

युरियाला एवढे महत्त्व कसे आले, ते आधी पाहू. १८२१ साली जिनिव्हात प्रेव्हो आणि द्युमा या दोघांनी जनावरांची मूत्रपिंडे काढली आणि त्यानंतर रक्तात युरिया साठत जातो हे दाखवून दिले. लघवीतला पदार्थ मूत्रपिंडात तयार होत नाही, तो रक्तातूनच येतो आणि मूत्रपिंड त्याला फक्त बाहेर काढते, हे त्यातून कळले. पुढे १८२७ मध्ये लंडनच्या गायज् हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट यांनी अंगावरची सूज, लघवीतली प्रथिने आणि शवविच्छेदनात दिसणारी आक्रसलेली मूत्रपिंडे यांचा एकमेकांशी संबंध जोडला. युरिया मोजता येत होता, म्हणून तो या आजाराची ओळख बनून बसला.

१९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन नावाच्या लहान गावात विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरला जाणारा सेलोफेन एका फिरत्या पिंपावर गुंडाळला. आतून रक्त खेळवले, बाहेर मिठाचे पाणी ठेवले आणि युरिया खाली आणून दाखवला. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली आणि पुढे काही वर्षे जगली. तरीही डायलिसिस तात्पुरताच राहिला. रुग्णाची रक्तवाहिनी दर खेपेला नव्याने उघडावी लागे, आणि थोड्याच दिवसांत उघडायला वाहिनी उरत नसे. १९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातावर कायमची बसवली, आणि क्लाइड शील्ड्स नावाचा रुग्ण तिच्या जोरावर अकरा वर्षे जगला. त्यानंतर १९६६ साली ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी धमनी शिरेला जोडून फिस्टुला तयार केला. आज आपल्याकडच्या रुग्णांच्या हातावर जी थरथर बोटाला जाणवते, ती हीच.

रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले तेव्हा एक विसंगती उघडी पडली. स्क्रिब्नर यांच्या लक्षात आले की पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांच्या रक्तात युरिया आणि क्रिएटिनिन यंत्रावरच्या रुग्णांपेक्षा जास्त असूनही त्यांचे पाय कमी बधिर होतात, नसा कमी बिघडतात. युरियाच सगळ्याचे मूळ असता तर हे उलटे दिसायला हवे होते. मग युरियापेक्षा मोठे काहीतरी असले पाहिजे, जे पोटाच्या पडद्यातून निसटते पण सेलोफेनमधून निसटत नाही, असा तर्क त्यांनी मांडला. मधल्या आकाराच्या रेणूंचा सिद्धान्त तो हाच.

याच सुमारास, १९७२ मध्ये, मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. काही मोजक्या रुग्णांच्या डायलिसिसच्या द्रावणातच त्यांनी युरिया मिसळला. त्यामुळे रक्तातले बाकी सारे निघून जाई आणि युरिया तेवढा चढाच राही. एरवी ज्या आकड्याला आपण घाबरून जातो, त्या आकड्यावर हे रुग्ण बऱ्यापैकी होते. युरिया फारच चढवला तेव्हा मळमळ, डोकेदुखी, ग्लानी सुरू झाली. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. रक्तात काय चालले आहे त्याची खूण युरिया देतो, पण रुग्णाला होणाऱ्या त्रासातला त्याचा स्वतःचा वाटा आपण समजतो त्याहून कितीतरी लहान असतो, हे या प्रयोगाने पन्नास वर्षांपूर्वीच सांगितले होते.

तरीही मोजमाप युरियाचेच चालू राहिले. याला आळस म्हणता येणार नाही. युरियाची तपासणी स्वस्त आहे आणि कुठल्याही गावात होते. १९८१ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात युरिया चढा राहिलेले रुग्ण जास्त वेळा रुग्णालयात दाखल झाले, हेही खरे. त्या आकडेवारीवरून गॉच आणि सार्जंट यांनी १९८५ मध्ये युरिया किती धुतला गेला ते सांगणारे एक गुणोत्तर बसवले. आज प्रत्येक युनिटमध्ये ते 'केटी बाय व्ही' म्हणून ओळखले जाते. आठवड्याला तीन डायलिसिस असतील तर ते दर खेपेला किमान १.२ हवे, शक्यतो १.४. हा उंबरठा गाठलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचण पुढे सुरू होते. उंबरठा गाठला की काम झाले असे आपण मानतो.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'हेमो' अभ्यासाने ही समजूत उघडी पाडली. अमेरिकेतल्या १,८४६ रुग्णांत काहींना नेहमीचा डोस दिला, काहींना त्याहून बराच जास्त. युरिया जास्त धुतला गेला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. आणखी युरिया काढून आणखी आयुष्य मिळत नाही, म्हणजे आयुष्य तोडणारे काहीतरी युरियाच्या मापात येतच नाही.

ते काय असावे याची यादी युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने २००३ मध्ये केली. तीत ९० पदार्थ होते, पुढे आणखी भर पडत गेली. त्यांनी पाडलेले तीन गट आजही समजायला सोपे वाटतात. पहिला गट पाण्यात विरघळणाऱ्या लहान रेणूंचा. डाल्टन या मापात युरियाचे वजन ६० आणि क्रिएटिनिनचे ११३. हे गाळणीतून झरझर जातात. दुसरा मधल्या आकाराचा. त्याचा नमुना म्हणजे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, वजन ११,८००. जपानमध्ये निगाता इथे गेज्यो यांनी १९८५ साली दाखवले की वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्यांच्या सांध्यांत आणि मनगटात साचणारा मेणचट थर याच प्रथिनाचा असतो. बारापंधरा वर्षे डायलिसिस झालेल्या माणसाच्या बोटांना रात्री मुंग्या येतात आणि मनगटाची शस्त्रक्रिया करावी लागते, ती या थरामुळे. जुन्या गाळण्या याला अडवून धरत. आजच्या मोठ्या छिद्रांच्या गाळण्या त्याला बऱ्यापैकी बाहेर सोडतात.

तिसरा गट सर्वांत चिवट. यातले रेणू आकाराने लहानच असतात, पण रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतात. अल्ब्युमिनचे वजन ६६,००० च्या आसपास. ते गाळणीतून जाऊ नये अशीच गाळणीची रचना असते, कारण ते गेले तर माणूस खंगेल. त्यामुळे त्याला चिकटलेले विषही आतच राहते. इंडॉक्सिल सल्फेट आणि पॅराक्रेसिल सल्फेट ही या गटातली दोन नावे या पुस्तकात वारंवार येतील. त्यांचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग अल्ब्युमिनला बांधलेला असतो आणि मोकळा असलेला थोडासाच गाळणीपलीकडे जातो. चार तासांत युरिया ७० टक्के उतरतो, तेवढ्याच वेळात हे जेमतेम एक तृतीयांश उतरतात. पुढच्या खेपेपर्यंत पुन्हा भरून निघतात.

निरोगी मूत्रपिंड मग यांचे काय करते? ते यांना गाळतच नाही. नलिकांच्या पेशी त्यांना रक्तातून ओढून घेतात आणि लघवीत टाकतात. रेणू ओढला गेला की अल्ब्युमिनवरचा आणखी एक सुटतो, तोही ओढला जातो. हे जिवंत पेशींचे काम आहे. पडद्याच्या दोन बाजूंना दोन द्रावणे ठेवून ते साधत नाही. लघवी थोडी होत असलेल्या रुग्णाची तब्येत अजिबात लघवी न होणाऱ्यापेक्षा चांगली राहते, त्याचे मोठे कारण इथे आहे. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या कॅनडा आणि अमेरिकेतल्या रुग्णांच्या आकडेवारीची २००१ मध्ये नव्याने छाननी झाली. दिवसाला २५० मिलिलिटर लघवी जास्त होत असेल तर मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी दिसला. द्रावणाने काढलेल्या युरियाचा मात्र जगण्याशी तसा संबंध दिसला नाही. 'आता डायलिसिस सुरू झालंय, लघवीचं काय बघायचं' असे म्हणून वेदनाशामक गोळ्या खुशाल खाणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा सांगायला हवा. उरलेली दोन वाट्या लघवी जपण्याजोगी आहे.

इंडॉक्सिल सल्फेट आणि पॅराक्रेसिल सल्फेट हे दोन पदार्थ येतात कुठून, हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. दुपारच्या जेवणातली डाळ, दूध, अंडे यांतल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल असते. त्यातला जो अंश लहान आतड्यात शोषला जात नाही, तो मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जंतू त्याचे इंडोल करतात. इंडोल रक्तातून यकृतात जाते, यकृत त्याला ऑक्सिजन आणि सल्फेट जोडते आणि इंडॉक्सिल सल्फेट तयार होते. टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून याच वाटेने पॅराक्रेसिल सल्फेट बनते. याचा सरळ पुरावा २०११ मध्ये मिळाला. काही कारणाने मोठे आतडे काढून टाकलेल्या डायलिसिस रुग्णांच्या रक्तात हे दोन्ही पदार्थ जवळपास नव्हतेच. म्हणजे मूत्रपिंडाच्या आजारातले हे विष तयार होते आतड्यात.

आणि मूत्रपिंड बंद पडल्यावर आतडेही पूर्वीचे राहत नाही. रक्तातला चढा युरिया आतड्यात झिरपतो, जंतू त्याचा अमोनिया करतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची घट्ट वीण सैल पडते. जंतूंचे तुकडे रक्तात शिरू लागतात. त्यात आपण सांगितलेले पथ्य भर घालते. पोटॅशियम वाढू नये म्हणून फळे बंद, भाज्या चिरून भिजत घालून पाणी फेकायचे, शेंगा नकोत, नारळपाणी नको. प्रत्येक सूचनेला कारण आहे, पण सगळ्या एकत्र आल्या की ताटातला चोथा संपतो. चोथ्यावर जगणारे जंतू कमी होतात, प्रथिने कुजवणारे वाढतात. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या बद्धकोष्ठ करतात, आणि मळ जितका जास्त वेळ आत, तितके इंडोल जास्त. पोट रोज साफ होते का, हा प्रश्न डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला क्वचितच कुणी विचारते. तो विचारावा म्हणून या पुस्तकात आहाराचे प्रकरण बरेच मोठे केले आहे. भाकरी, पालेभाजीचा वाटा, पेरू आणि पपईची फोड किती आणि कुणाला चालेल, हे त्यात रक्तातल्या पोटॅशियमच्या आकड्याशी जोडून दिले आहे. सरसकट बंदी हा सोपा सल्ला आहे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आता दाहाकडे येऊ. जखम झाली, जंतू शिरला की शरीर पेटून उठते, काम झाले की शांत होते. डायलिसिसच्या रुग्णात ते शांतच होत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखी धग राहते. ताप नसतो, दुखत नाही, पण रक्तातले सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, महिनोन्‌महिने चढे असते. इंटरल्यूकिन-६ सारखे निरोप्ये रेणू यकृताला आणि अस्थिमज्जेला सतत चिथावत राहतात. इंडॉक्सिल सल्फेट रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आणि पांढऱ्या पेशींना असेच निरोप्ये रेणू सोडायला लावते. दाह झालेल्या शरीरात मग अल्ब्युमिन कमी बनते. विष बांधून ठेवणारी जागाच घटते आणि मोकळ्या विषाचे प्रमाण वाढते. एकाने दुसऱ्याला वाढवायचे, दुसऱ्याने पहिल्याला, असे हे चालते.

स्वीडनमध्ये कारोलिन्स्का संस्थेत पीटर स्टेनविंकेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की कुपोषण, दाह आणि रक्तवाहिन्या कठीण होणे ही तिन्ही एकाच माणसात एकत्र येतात. त्याच वर्षी जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गमधल्या अभ्यासात सीआरपी चढे असलेले डायलिसिस रुग्ण जास्त संख्येने दगावले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतली एक आकडेवारी प्रसिद्ध झाली होती, ती आजही अंगावर येते. पंचविशी-तिशीतल्या डायलिसिस रुग्णाचा हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका साधारण ८५ वर्षांच्या म्हाताऱ्याइतका होता.

सुरुवातीला सांगितलेल्या रुग्णाच्या तक्रारी आता पुन्हा वाचाव्यात. यकृत दाहाच्या इशाऱ्यावर हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते. हेप्सिडिन शरीरातले लोह कोठारात कुलूपबंद करते. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ८०० दिसते, पण अस्थिमज्जेला लोह मिळत नाही आणि इंजेक्शन वाया जाते. भूक मारणारेही हेच निरोप्ये रेणू, स्नायू झिजवणारेही हेच. अशा माणसाला 'जास्त प्रथिने खा' सांगून भागत नाही, कारण खाल्लेले अंगी लागत नसते. आणखी एक फसवणूक कोलेस्टेरॉलची. डायलिसिसच्या रुग्णांत कोलेस्टेरॉल कमी असणारे जास्त दगावतात, असे आकडे सांगत. २००४ मध्ये उलगडले की कमी कोलेस्टेरॉल हे खंगण्याचे आणि दाहाचे लक्षण आहे. ज्यांच्यात दाह नव्हता त्यांच्यात चढे कोलेस्टेरॉल एरवीइतकेच घातक ठरले. तेव्हा कमी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट पाहून या रुग्णाचे अभिनंदन करू नये.

ही धग कुठून कुठून येते, यावर पुस्तकाचा मधला भाग आहे. त्यातली एक वाट उपचाराचीच. रक्त परक्या पृष्ठभागाला लागते. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की सेल्युलोजच्या गाळणीतून रक्त फिरू लागताच पहिल्या काही मिनिटांत पांढऱ्या पेशी रक्तातून नाहीशा होतात. गाळणीने चेतवलेल्या प्रथिनांमुळे त्या फुप्फुसात जाऊन अडकतात. आजच्या कृत्रिम धाग्यांच्या गाळण्या पुष्कळ सौम्य आहेत. पण पाणी?

पाण्याबद्दल मी इथे जरा थांबणार आहे. द्रावण मिनिटाला ५०० मिलिलिटर वेगाने वाहते. चार तासांत १२० लिटर, आठवड्याला ३६० लिटर. आपण आठवड्यात चौदापंधरा लिटर पाणी पितो, आणि तेही आतड्याच्या भिंतीआडून. हे ३६० लिटर रुग्णाच्या रक्तापासून केसाहून पातळ पडद्याच्या अंतरावर असते. १९७० च्या दशकात डायलिसिसवरचे रुग्ण बोलायला अडखळू लागले, त्यांना झटके येऊ लागले, स्मृती गेली. कारण निघाले पाण्यातले आणि औषधांतले अॅल्युमिनियम. फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कारुआरु शहरात एका डायलिसिस केंद्राला टँकरने आणलेले पाणी पुरवले गेले. जलाशयात निळ्या-हिरव्या शेवाळाची वाढ झाली होती. त्याचे विष रक्तात गेले, शंभराहून अधिक रुग्ण आजारी पडले आणि ५२ मृत्यू त्या विषामुळे झाल्याचे ठरले.

आपल्याकडे २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. टँकर, बोअर, नगरपालिकेचा नळ असा पाण्याचा स्रोत महिन्यागणिक बदलतो, त्या गावातही डायलिसिस चालूच असते. स्रोत बदलला की कार्बन फिल्टरवरचा भार बदलतो, क्लोरीनचे प्रमाण बदलते, आरओच्या पडद्याचे आयुष्य बदलते. मोठे अपघात दिसतात तरी. रोजचे नुकसान दिसत नाही. आरओपासून यंत्रापर्यंतच्या पाइपात जिथे पाणी थांबून राहते, एखादा फाटा बंद करून ठेवलेला असतो, तिथे जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यांच्या कवचाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, पडद्यातून रक्ताकडे जातात. रुग्णाला कधी डायलिसिस चालू असताना हुडहुडी भरते, पण बहुतेक वेळा काहीच होत नाही, फक्त सीआरपी वाढते. अतिशुद्ध द्रावणाची कसोटी कडक आहे: मिलिलिटरमध्ये जंतूंच्या ०.१ हून कमी वसाहती आणि एंडोटॉक्सिन ०.०३ एककांहून कमी. जिथे ही कसोटी पाळली, तिथे सीआरपी उतरल्याचे आणि एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनाची मात्रा कमी लागल्याचे अभ्यासांत दिसले आहे. आरओ प्लांट सांभाळणारा टेक्निशियन हा माझ्या मते युनिटमधला सर्वांत कमी मान मिळणारा आणि सर्वांत जास्त जीव वाचवणारा माणूस आहे.

बाकीच्या वाटा थोडक्यात. मानेतली कॅथेटर महिनोन्‌महिने तशीच ठेवणे. फिस्टुला वेळेवर केला असता तर ती लागली नसती. फसलेल्या प्रत्यारोपणाचे मूत्रपिंड किंवा बंद पडलेला जुना कृत्रिम ग्राफ्ट, ज्याकडे कुणी बघत नाही. हिरड्यांचा जुनाट आजार, जो मिश्री आणि तंबाखू लावणाऱ्यांत घरोघरी आहे आणि ज्याची नोंद डायलिसिसच्या फाइलमध्ये कधी नसते. आणि क्षयरोग. या रुग्णांत तो फुप्फुसाबाहेर, गाठींत किंवा पोटात लपतो, आणि चढे सीआरपी, न चढणारे हिमोग्लोबिन, घटणारे वजन एवढीच त्याची चाहूल असते. आपल्या देशात कारण न सापडणाऱ्या दाहाला 'युरेमियाचा दाह' म्हणण्यापूर्वी क्षयरोग शोधून पाहिलाच पाहिजे.

औषधांनी हे आवरता येते का? आशा पुष्कळदा फसली आहे आणि ते स्वच्छ सांगितले पाहिजे. आतड्यात इंडोल शोषून घेणारा कोळशाचा एक प्रकार जपानमध्ये बरीच वर्षे वापरात आहे. २०१५ साली जाहीर झालेल्या मोठ्या चाचण्यांत त्याने आजाराची वाटचाल रोखल्याचे दिसले नाही. २००९ च्या 'अरोरा' चाचणीत २,७७६ डायलिसिस रुग्णांना रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली. कोलेस्टेरॉल उतरले, सीआरपीही उतरले, हृदयविकार आणि मृत्यू मात्र तेवढेच राहिले. सीआरपी हा आकडा खाली आणणे म्हणजे धग विझवणे नाही, हा या चाचणीचा मोठा धडा. इंटरल्यूकिन-६ ला अडवणाऱ्या प्रतिपिंडांवर आता काम चालू आहे. मी त्याकडे उत्सुकतेने बघतो, पण डायलिसिसवरच्या, संसर्गाला सहज बळी पडणाऱ्या माणसात दाहाचे एक हत्यार काढून घेणे कितपत सोसेल, हे चाचण्या सांगतील तेव्हाच बोलावे.

यंत्राच्या बाजूने बातमी बरी आहे. हिमोडायाफिल्ट्रेशनमध्ये रक्तातून भरपूर पाणी ओढून घेतात आणि तेवढेच शुद्ध द्रावण परत देतात. त्या ओढीबरोबर मधल्या आकाराचे रेणू निघतात. २०१३ मध्ये कॅटलोनियातल्या ९०६ रुग्णांत या पद्धतीने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. २०२३ मध्ये युरोपातल्या १,३६० रुग्णांच्या 'कन्व्हिन्स' चाचणीत साध्या डायलिसिसवर २१.९ टक्के दगावले, या पद्धतीवर १७.३ टक्के. पण तिला दर खेपेला साधारण २३ लिटर द्रावण थेट रक्तात द्यावे लागते. म्हणजे पाणी अतिशुद्धच हवे आणि फिस्टुला दणकट हवा. ज्या युनिटला आरओचे पाणी महिन्यातून एकदा तपासायला परवडत नाही, तिथे हे यंत्र आणून ठेवणे धोक्याचे आहे.

२०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना डायलिसिस मोफत मिळू लागला आणि राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही तो आहे. ही फार मोठी गोष्ट झाली. पूर्वी जमीन विकून सहा महिने डायलिसिस करणारी आणि मग थांबणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. पण आता रांग मोठी आहे. आठवड्याला तीनऐवजी दोनच खेपा होतात. एसटी चुकेल म्हणून रुग्ण स्वतःच साडेतीन तासांनी सुया काढायला सांगतो. युरियाच्या हिशेबात हे खपून जाते, कारण युरियाचा मोठा भाग पहिल्या दोन-अडीच तासांतच उतरतो. मधल्या आकाराचे आणि बांधलेले रेणू ऊतींतून रक्तात हळूहळू येतात. त्यांना वेळच लागतो, आणि शेवटचा अर्धा तास त्यांचाच असतो. फ्रान्समधल्या तासाँ इथे आठ-आठ तासांचे संथ डायलिसिस वर्षानुवर्षे चालवले गेले. तिथल्या रुग्णांचा रक्तदाब बहुतेक गोळ्यांशिवाय आटोक्यात राहिला आणि ते जास्त जगले. आपल्याला आठ तास देता येणार नाहीत. ठरलेले चार तास पुरे करता येतील, आणि त्यासाठी एसटीचे वेळापत्रक पाहून पाळ्या लावाव्या लागल्या तर त्या लावाव्यात.

वाचकाने हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे असे नाही. रुग्ण आणि घरच्यांनी आतडे आणि आहार ही दोन प्रकरणे आधी घ्यावीत, मग उरलेली लघवी कशी मोजावी आणि जपावी ते वाचावे. टेक्निशियन आणि परिचारिकांसाठी पाणी, गाळणीचा पुनर्वापर आणि कॅथेटरची निगा ही प्रकरणे तपशिलात लिहिली आहेत. पाण्याचा नमुना कुठल्या नळातून, किती पाणी सोडून दिल्यावर आणि कशात घ्यायचा इथपर्यंत. रसायनशास्त्र ज्यांना जड जाईल त्यांनी तिसरे प्रकरण खुशाल सोडावे. पुढचे काही अडणार नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी डॉक्टरांना विचारण्याजोगे प्रश्न दिले आहेत. त्यातले पहिले तीन सगळ्यांनीच पुढच्या खेपेला विचारावेत: गेल्या तीन महिन्यांत सीआरपी आणि अल्ब्युमिन किती होते, आरओचे पाणी शेवटचे कधी तपासले, आणि माझी सुई खरोखर किती वाजता लागली आणि किती वाजता निघाली.